पांढरी बाजू वर

मार्च अर्धा झाला की नांदेडहून गावाकडं जाणाऱ्या बसमध्ये मी भांडून खिडकीची जागा धरते. वारंगा फाटा मागं पडला आणि बस आमच्या कुरुंद्याच्या अंगाला लागली की वास सुरू होतो. हळद शिजल्याचा. ज्यांनी हळद फक्त मिसळणाच्या डब्यात पाहिली आहे त्यांना तो सांगून कळायचा नाही. ओली माती, उकडलेलं रताळं, थोडा कापूर, आणि मागून येणारा एक कडवट झणका. शेजारची बाई नाकाला पदर लावते, मी खिडकी आणखी मागं सारते. 'ही कोण येडी' अशा नजरेनं ती माझ्याकडं बघते आणि मला मनातल्या मनात हसू येतं, कारण ह्याच शब्दाची एके काळी मला फार भीती वाटायची.

ह्या दिवसांत आमच्याकडं सगळं पिवळं असतं. बायांचे हात, कोंबड्यांचे पाय, मोबाईलच्या काचेचे कोपरे, कपाचे कान. कुणी कपाळावरचा घाम पुसला की तिथं पट्टा उठतो आणि दिवसभर राहतो. पांढरा कपडा घालायची कुणाची हिंमत होत नाही. एका शेतात हळद शिजवायच्या मोठ्या कुकरमधून वाफ निघत असते, दुसऱ्यात वाळत घातलेली हळकुंडं फावड्यानं उलटत असतात, त्यांचा खडखडाट भर दुपारी लांबून ऐकू येतो. लहानपणी मला ह्या सगळ्याचा वैताग यायचा. परीक्षेच्या पेपरवरसुद्धा माझ्या बोटांचे ठसे पिवळे उमटायचे आणि तपासणारे मास्तर काय म्हणतील ह्या विचारानं मी अर्धी व्हायची.

आता मात्र ह्या पिवळ्या महिन्याचे माझ्यावर उपकार आहेत. कसे, ते सांगते.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. पुण्यात एका जाहिरातीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर चित्रं करायची. एका सकाळी स्क्रीनवर वीसेक फाईली उघड्या होत्या, फोन थरथरत होता, मागं कुणीतरी माझं नाव घेत होतं, आणि मला कळेना की ह्यातलं आधी काय बघायचं. कळेना म्हणजे खरोखर कळेना. सगळं एकाच आवाजात, एकाच अंतरावर. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि कडी लावून उभी राहिले. त्यानंतर रोजच असं व्हायला लागलं. झोप उडाली. दात घासताना हात थांबायचा आणि पुढं काय करायचं असतं ते आठवायचं नाही. दीड महिना नोकरी कशीबशी ओढली आणि एक दिवस राजीनाम्याचा मेल टाकून गावाकडची बस धरली.

घरी सांगितलं, ऑफिसनं घरून काम करायला दिलंय.

खोटं बोलायचं कारण एकच, अण्णा. आमच्या अण्णांनी जन्मभर सायकलवर टपाल वाटलं. आता दोन एकर हळद बघतात. ज्या ज्या दारात त्यांनी पत्रं टाकली त्या प्रत्येक दारात त्यांनी सांगून ठेवलेलं, आमची पोरगी पुण्यात कंप्युटरवर चित्रं काढती आणि त्याचा पगार घेती. आमच्या घराण्यात चित्र काढून कुणी पोट भरलं नव्हतं. आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले, अण्णा शिकले, मी त्यांच्यापुढं गेले. ह्या चढत्या शिडीवरून मी धाडकन खाली आले आहे, तेही डोक्यानं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पाय मोडला असता तर बरं झालं असतं, सगळ्यांना दिसला तरी असता.

तर मी रोज दहाला लॅपटॉप उघडायची, कानाला हेडफोन लावायची आणि सहाला बंद करायची. अण्णा ओसरीत पहारा द्यायचे. कुणी मोठ्यानं बोललं की बोटानं खुणावायचे, तिची मीटिंग चालू हाय. शेजारची गिरणी दुपारी बंद ठेवा म्हणून ते गिरणीवाल्याशी एकदा हुज्जत घालून आले. हेडफोनमध्ये काहीच वाजत नसायचं. आत मी घामानं भिजून बसलेली, आणि बाहेर माझा बाप माझ्या खोट्याची राखण करून राहिलेला. माणसानं किती लाजावं त्याला काही मर्यादा असते की नाही?

आठ तास स्क्रीनसमोर नुसतं बसता येत नाही. म्हणून मी चित्र काढायला घेतलं. ठरवलं, डोक्यात जे चाललंय तेच काढायचं. तोंडानं सांगता येत नाही तर निदान एकदा बाहेर काढून समोर ठेवू.

पहिले प्रयत्न आठवले तरी कसंतरी होतं. दोन्ही हातांनी डोकं धरलेली बाई. डोक्यातून निघणाऱ्या काळ्या रेघोट्या. लाल डोळे, तडा गेलेला आरसा. काढताना मला वाटायचं, काय जबरदस्त झालंय. दुसऱ्या दिवशी उघडलं की ते एखाद्या गोळ्यांच्या जाहिरातीसारखं दिसायचं. मी ऑफिसात असंच तर करत होते, दुसऱ्यांच्या दुःखाला नीटनेटकं करून विकत होते. आणि माझ्या डोक्यात काळं असं काही नव्हतंच. काळं असतं तर झोप तरी लागली असती.

एक दिवस माय शेतातून आली आणि हळदीचा एक अख्खा गड्डा माझ्या टेबलाशेजारी टाकून न्हाणीत गेली. यंदा गड्डा कसा भरलाय हे अण्णांना दाखवायला आणला होता. मातीनं माखलेला, सगळ्या बाजूंनी हळकुंडं फुटलेली, मुळ्या लोंबत असलेल्या. कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो, पत्ता लागत नव्हता. मी मोबाईलनं त्याचे फोटो काढले. मग तेच फोटो कापले, उलटे केले, एकावर एक चढवले. त्यात कुकरची वाफ आली, पत्र्यावरचं ऊन आलं, पुण्यातल्या माझ्या खोलीच्या जिन्याचे कठडे आले, जुन्या मेलमधली अक्षरं आली. शंभराच्या वर थर झाले. लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली, दर दहा मिनिटाला मान टाकायचा. लाईट गेली की केलेलं पुसलं जायचं आणि मी पुन्हा पहिल्यापासून. गंमत बघा, गोंधळाचं चित्र काढायला मला जेवढी शिस्त लागली तेवढी ऑफिसात कधी लागली नव्हती.

एक गोष्ट त्या कामात मला उमगली. चित्रात आपण लांबचं फिकट करतो आणि जवळचं ठळक करतो, तेव्हा बघणाऱ्याला मागचं पुढचं कळतं. मी ती सवयच मोडून टाकली. प्रत्येक थर सारखा ठळक ठेवला. मातीचा कण आणि जिन्याचा कठडा, दोघांनाही तेवढाच हक्क. करताना माझेच डोळे दुखायला लागले आणि मी मांडी थोपटून स्वतःला म्हणाले, हे बराबर आलं. त्या महिन्यात मला झालेला तो एकुलता एक आनंद.

पण लॅपटॉपच्या तेरा-चौदा इंचांत ते मावत नव्हतं. मला ते भिंतीएवढं बघायचं होतं. वारंगा फाट्याला माझा मावसभाऊ गौतम फ्लेक्सचं दुकान चालवतो. त्याला फाईल पाठवली आणि लिहिलं, दहा बाय आठ, सवडीनं काढ. ते दिवस त्याला सवडीचे कुठले? जयंती तोंडावर आलेली, गावोगावच्या मंडळांचे बॅनर, निळ्या शाईचा नुसता पूर. तरी त्या भल्या माणसानं दुसऱ्याच दिवशी माझी फाईल लावली.

चित्र बाहेर आलं आणि गौतमनं कपाळावर हात मारला. त्याला वाटलं, मशीनचं हेड चोंदलं. ऐन घाईत मशीन बंद करून त्यानं अर्धा दिवस हेड साफ केलं, शाईच्या नळ्या धुतल्या, चाचणीच्या पट्ट्या काढल्या. पट्ट्या स्वच्छ आल्या. मग त्यानं निदान केलं, फाईल करप्ट हाय. मला पाच-सहा वेळा फोन केले. मी तेव्हा फोनला हात लावत नव्हते. शेवटी बिचाऱ्यानं ते चित्र वाया गेलेल्या फ्लेक्सच्या गठ्ठ्यात टाकून दिलं.

आणि तो गठ्ठा आमच्या अण्णांचा. दर साली हळदीच्या दिवसांत अण्णा फाट्यावर जाऊन गौतमकडून वाया गेलेले आणि जुने फ्लेक्स आणतात. आमच्या भागात सगळेच आणतात. हळदीच्या ढिगावर झाकायला, अवकाळी आलीच तर धावपळीत ओढायला, आणि हळकुंडं मोडायला बसलेल्या बायांच्या डोक्यावर सावली करायला. चार बांबू रोवायचे आणि वर फ्लेक्स ताणायचा. त्यातही एक रीत आहे. पांढरी बाजू वर ठेवायची म्हणजे ऊन कमी लागतं, आणि छापलेली बाजू खाली. त्यामुळं आमच्याकडं मार्च-एप्रिलमध्ये बाया दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाखाली बसलेल्या असतात. वर बघितलं की भावी सरपंच हात जोडून उभे. त्यांच्यावर बाया जे बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी शेताकडं फिरकतच नव्हते. खरं सांगायचं तर वाटेत विहीर होती, आणि त्या दिवसांत मी तिच्या कडेनं जाणं टाळायला लागले होते. एवढंच लिहिते, बाकी समजून घ्या.

एके दिवशी अण्णा कुकरवाल्याला आणायला गेले आणि बायांचा पाण्याचा कॅन घरीच राहिला. गिरणीवाल्याच्या सुनेला सोबत घेऊन मी कॅन उचलून निघाले. तिची बडबड ऐकत विहीर ओलांडली. लांबून सावलीचा पांढरा चौकोन दिसला. जवळ गेले, वाकून आत शिरले, वर बघितलं.

वर मी होते.

दुपारचं ऊन फ्लेक्समधून झिरपत होतं आणि ते सगळं पेटल्यासारखं उजळलेलं. गड्डे, वाफ, कठडे, अक्षरं. स्क्रीनवर ते कधीच इतकं जिवंत दिसलं नव्हतं. आणि त्याच्याखाली सात बाया, त्यांत माझी मायही, मांड्या घालून शांतपणे हळकुंडं मोडून राहिल्या होत्या. एकीची भाकर सोडलेली, एकीचं लेकरू मांडीवर झोपलेलं. मला वाटलं, आता सगळ्यांनी मला नागडी पाहिलंय. कॅन ठेवून पळायच्या बेतात होते.

शेवंतामावशी ह्या बायांची पुढारी, तोंडाची फटकळ. तिनं कॅन घेतला आणि वर बोट दाखवून विचारलं की तू कंप्युटरवाली हायेस, हे काय ते सांग, आमी आठ दिसांपासून बघून राहिलो. एकीला त्यात वसमतचा बाजार दिसला होता, एकीला गाभण गाय. रोज जेवताना त्यांचा हाच खेळ चालायचा. एक बाई म्हणाली की मला तर ते बघून माझा नवरा गेला तेव्हाचे दिवस आठवतात, काहून ते ठाव न्हाई. असं म्हणून तिनं पुढचा गड्डा उचलला.

माय तोंड वर न करता म्हणाली, "काही न्हाई ते. गौतमची मशीन बिघडली व्हती."

आता गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. चित्र मशीनच्या नावावर गेलं असतं आणि मी परत खोलीत जाऊन हेडफोन लावला असता. पण कुठून बळ आलं कोण जाणे. कदाचित रागच आला असेल. महिनाभर डोळे फोडून केलेल्या कामाला बिघाड म्हणतात म्हणजे काय?

"मशीन बिघडली नव्हती," मी म्हणाले. "मी काढलंय ते. माय, मी नोकरी सोडली. माझं डोकं असं झालंय."

बायांचे हात थांबले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. कुणी अगं बाई केलं नाही, कुणी तोंडाला पदर लावला नाही. हळकुंड मोडल्याचा कटकट आवाज तसाच चालू राहिला आणि त्या आवाजाच्या आडोशाला मी रडून घेतलं. शेवंतामावशीनं सरकून जागा केली, मी बसले, माझ्यापुढंही एक गड्डा आला. तीन तास मी हळद मोडली. माय अधूनमधून वर बघायची आणि पुन्हा खाली.

संध्याकाळी अण्णांना सांगायचं उरलं होतं. मी सुरुवात केली आणि ते म्हणाले, मला ठाव हाय. ते म्हणाले की महिन्याच्या वर झालं मी ओसरीत बसतो, तू मीटिंगीत एक शब्द बोलत न्हाईस, अशी कोनती मीटिंग असती?

"मग अण्णा, तुम्ही सगळ्यांना गप्प काहून करत होता?"

"तुला गपगार लागतं, एवढं तर दिसत व्हतं ना," ते म्हणाले आणि चुलीवरचा चहा बघायला आत गेले.

आज मी नांदेडला राहते, चित्रंच करते. काही विकली जातात, काही नुसती लोक बघतात. कधी कॉलेजातली मुलं विचारतात की मनातली खळबळ चित्रात कशी आणायची. मी सांगते, पहिल्यांदा तिला सुंदर करायचं सोडा. दुसरं असं की ते चित्र ज्यांच्यासाठी काढलं असं वाटतं त्यांना दाखवण्याआधी जेवत बसलेल्या माणसांच्या डोक्यावर टांगा. मुलं हसतात. त्यांना वाटतं मी विनोद करते.

गौतम अजून त्या अर्ध्या दिवसाचा हिशोब काढून मला चिडवतो. ताई, माझी मशीन बराबर व्हती, बिघाड तुझ्यातच व्हता, असं चारचौघांत म्हणतो. म्हणू दे बापडा. त्यानं ते चित्र नीट गुंडाळून माझ्या हातात दिलं असतं तर मी ते खाटेखाली सरकवलं असतं आणि तोंड उघडलं नसतं. त्याच्या चुकीनं मला वाचवलं, असं मी त्याला एकदा सांगितलं, तर तो लाजून शाईचे डबे मोजायला लागला.

अण्णांना सांगितलं त्या संध्याकाळनंतर तिसऱ्या दिवशी मायनं ऐन हंगामातलं काम शेवंतामावशीच्या हवाली केलं, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि मला घेऊन नांदेडला निघाली. डोक्याच्या डॉक्टरकडं जायचं होतं. बसमध्ये ती एकदाच बोलली, पाणी पी म्हणून. दवाखान्यात आमच्या आधी चार माणसं होती. तिचे पिवळे हात मांडीवर, माझे तिच्या शेजारी. मी मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती, झोप येत नाही, हात थरथरतात, असं असं.

डॉक्टर वयस्क होते, आवाज मऊ. त्यांनी विचारलं, काय तकलीफ होते? आणि माझी सगळी वाक्यं एकदम पुढं आली, एकही बाहेर पडेना. मी टेबलाच्या कडेकडं बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं. मला वाटलं, झालं, इथंही जमणार नाही, असंच उठून परत जावं लागणार.

तेव्हा माय बोलली. चौथी शिकलेली माझी माय, जिनं माझ्या चित्राला कधी बरं म्हटलं नव्हतं की वाईट म्हटलं नव्हतं.

"साहेब, हिनं एक चित्र काढलंय. आठ-दहा दिस मी त्याच्याखाली बसून भाकर खाल्ली. चारी बाजूंनी बघितलं. त्यात माणसाला जरा टेकावं म्हटलं तर बोटभर जागा न्हाई. तुमी इचारता तकलीफ काय. माझी लेक तिथं उभी हाय, साहेब. दोन महिने झाले, उभीच हाय."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. मी मायकडं बघितलं. ती समोर बघत होती, हनुवटी ताठ, डोळे भरलेले. इतकी वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल एवढं खरं कुणी बोललेलं नाही. मी तिचा हात धरला आणि डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.